घोट्याला बांधलेला कॅमेरा

१२ जानेवारी १९२८. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला सिंग सिंग तुरुंग. त्या रात्री विजेच्या खुर्चीवर दोन माणसं मारली. एक बाई, एक पुरुष. बाईचं नाव रूथ स्नायडर. पुरुषाचं नाव जड ग्रे, बायकांचे कॉर्सेट विकत फिरणारा सेल्समन. दोघांनी मिळून मार्च १९२७ मध्ये तिच्या नवऱ्याचा खून केला होता. नवऱ्याच्या नावाने विमा होता आणि अपघाती मरण आलं तर दुप्पट पैसे, असं कलम त्यात होतं. कोर्टात तिने त्याच्यावर ढकललं, त्याने तिच्यावर. शिक्षा दोघांना सारखी. गुन्हा एक, रात्र एक, खुर्ची एक.

फोटो मात्र एकाचाच.

तुरुंगात कॅमेऱ्याला बंदी होती. टॉम हॉवर्ड नावाचा फोटोग्राफर साक्षीदार म्हणून आत शिरला. पँटीच्या आत, घोट्याला, एकच फोटो निघेल असा छोटा कॅमेरा त्याने बांधून नेला. बाईच्या अंगातून वीज गेली तेव्हा त्याने पँट वर ओढली आणि खटका दाबला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’चं पहिलं पान भरून ती बाई, खुर्चीला आवळलेली, तोंडावर बुरखा. वर एका शब्दाचा मथळा. जड ग्रे बातमीत मेला. रूथ स्नायडर चौकात मेली. लोकांनी पैसे देऊन तिचं मरण विकत घेतलं, घरी नेलं, चहाबरोबर बघितलं.

दोस्तांनो, फिल्म न्वार म्हणून जे काही तुम्हाला हल्ली फिल्म क्लबात दाखवतात, ज्याच्यावर जाड चष्मे लावून चर्चा झोडतात, ते सगळं मला त्या घोट्यातून आलेलं दिसतं. कसं ते सांगतो.

जेम्स केन नावाच्या लेखकाला ह्या खटल्यावरून एक गोष्ट सुचली. ‘डबल इन्डेम्निटी’, म्हणजे विम्याची दुप्पट भरपाई. १९३६ साली ती ‘लिबर्टी’ साप्ताहिकात आली. १९४४ साली बिली वाइल्डरने तिचा सिनेमा केला, पटकथेला बरोबर रेमंड चँडलर. सिनेमातली बाई फिलिस डिट्रिकसन, काम केलंय बार्बरा स्टॅनविकने, डोक्यावर सोनेरी केसांचा टोप. विमा एजंट वॉल्टर नेफ तिच्या बंगल्यावर पॉलिसीचं नूतनीकरण करायला येतो. थोड्या वेळाने ती जिना उतरते. आणि कॅमेरा कुठे जातो? घोट्यावर. घोट्यात सोन्याची साखळी. नेफ ती साखळी बघतो, आपण नेफच्या डोळ्यांनी बघतो. तोंडाच्या आधी पाय. नावाच्या आधी साखळी.

दोन वर्षांनी, १९४६ साली, ह्याच केनच्या दुसऱ्या कादंबरीवर सिनेमा आला, ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’. तिथे लिपस्टिक फरशीवरून घरंगळत येते, कॅमेरा ती आली त्या वाटेने मागे जातो आणि परत पायावर थांबतो. लाना टर्नरचे पाय. पुन्हा घोटा. कुणी कुणाची नक्कल केली असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, बाईकडे बघायची उंचीच ह्या लोकांनी ठरवून टाकली होती.

आता डोळ्यांचं सोडा. कानांचं बघू.

‘डबल इन्डेम्निटी’ सुरू होतो तेव्हा रात्र आहे. नेफ खांद्यात गोळी घेऊन विमा कंपनीच्या ऑफिसात येतो, टेबलाशी बसतो आणि आवाज टिपून घेणाऱ्या यंत्रात बोलायला लागतो. पुढचा जवळजवळ सगळा सिनेमा म्हणजे ते बोलणं. ती कशी हसली, ती काय म्हणाली, ती कशी जहरी, सगळं त्याच्या तोंडून. तो बोलतोय तेव्हा ती मेलेली आहे. त्यानेच मारलीय. मारणारा जबानी देतोय आणि मेलेली आरोपी आहे. आणि आपण खुर्चीत बसून मान डोलावतो: खरंच, काय बाई होती.

मी गोदीत माल उतरवतो. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. हे सिनेमे मी रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर, खालची अक्षरं थांबवून थांबवून वाचत बघितलेत. तेव्हा सिनेमाचं व्याकरण मला येत नसेल. पण जबानी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. टोळीतला माणूस मालाखाली चेंगरून मेला की कागदावर पहिलं वाक्य काय पडतं? ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.’ मेलेला उठून सांगत नाही की साखळदंड झिजलेला होता, मुकादमाला तीनदा सांगितलं होतं. जिवंताच्या तोंडून मेल्याचा गुन्हा लिहिला जातो आणि फाईल बंद होते. ज्याने अशी एक जरी फाईल बघितलीय त्याला नेफचं बोलणं ऐकताना पहिला प्रश्न हाच पडला पाहिजे: हे सांगतोय कोण?

तर नेफची जबानी उलटतपासणीला घेऊ. तिने नवऱ्याला कळू न देता त्याचा अपघात विमा काढायची गोष्ट काढली, हे खरं. सुरुवात तिची. ती काही सती सावित्री नाही, तिला धुऊन पुसून देव्हाऱ्यात बसवायला मी आलेलो नाही. पण कंपनीला कसं गंडवायचं हा विचार आपल्या डोक्यात फार दिवसांपासून होता, हे नेफ स्वतःच सांगतो. रेल्वेतून पडून मेला तर दुप्पट मिळतात हे कलम तो तिला शिकवतो. पन्नास हजार डॉलरचे एक लाख करायची हाव त्याची. नवऱ्याच्या गाडीत मागच्या सीटखाली लपतो तो. मान मोडतो तो, स्वतःच्या हाताने.

आणि ती मान मोडली जाते त्या घडीला पडद्यावर काय आहे? बाईचा चेहरा. ती गाडी चालवतेय, समोर बघतेय, ओठ घट्ट. खून बाजूच्या सीटवर चाललाय आणि कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. नुसता चेहरा, तोही थंड. म्हणून आठवणीत काय राहतं? खून करणारा चेहरा बाईचा राहतो. खून करणारे हात चौकटीबाहेर. सिंग सिंगचा तोच फोटो, फक्त प्रकाशयोजना भारी.

ह्या युक्तीचं नाव ठेवलंय फाम फाताल. फ्रेंच शब्द. जीव घेणारी बाई. आपल्याकडे जुनी विषकन्या आहेच. राजाच्या शत्रूला मारायला पाठवलेली. पण विषकन्येच्या गोष्टीत निदान एवढं तरी कबूल असतं की लहानपणापासून तिला विष दुसऱ्यांनी पाजलं, त्यांच्या राजकारणासाठी. हॉलिवूडच्या विषकन्येला विष कुणी पाजलं हे विचारायचंच नाही. ती आईच्या पोटातूनच जहर घेऊन आली.

‘न्वार’ हाही फ्रेंच शब्द. न्वार म्हणजे काळं. जर्मन ताबा उठल्यावर अडकून पडलेले अमेरिकन सिनेमे पॅरिसमध्ये एकदम आले आणि १९४६ साली नीनो फ्रांक नावाच्या समीक्षकाने त्यांना हे नाव लावलं. काळा सिनेमा! मग ह्या काळ्या सिनेमात काळा माणूस कुठाय? ‘डबल इन्डेम्निटी’त तो गॅरेजमध्ये गाड्या धुतो आणि नेफ त्याला आपण घरीच होतो ह्याचा साक्षीदार म्हणून वापरून घेतो. १९४५ च्या ‘मिल्ड्रेड पिअर्स’मध्ये ती स्वयंपाकघरातली लॉटी आहे. बटरफ्लाय मॅक्वीनने केलेली ही भूमिका, पण नामावळीत तिचं नाव नाही. १९४७ च्या ‘आउट ऑफ द पास्ट’मध्ये ती युनिस आहे, पळून गेलेल्या कॅथीची मोलकरीण. टेरेसा हॅरिसने केलीय. गोरा डिटेक्टिव्ह काळ्यांच्या क्लबात येऊन तिला मालकिणीचा पत्ता विचारतो, ती फ्लोरिडा सांगते. खरी गेलेली असते मेक्सिकोला. ही बाई मालकिणीला का वाचवते? दोघींचं आपसात काय बोलणं झालं असेल? सिनेमाला तेवढा वेळ नाही. दोन मिनिटं, आणि युनिस संपली. काळोख तेवढा काळा. त्यातून उजेडात येणारे चेहरे गोरे.

हे आपोआप झालेलं नाही. कागदावर लिहिलेलं होतं. हॉलिवूडने १९३० साली स्वतःसाठी एक नियमावली केली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन नावाच्या माणसाच्या ऑफिसातून ती कडक राबवली. १९६८ पर्यंत ती टिकली. तिच्यात काय होतं? गुन्हेगाराबद्दल प्रेक्षकाला सहानुभूती वाटता कामा नये. लग्नसंस्थेचं पावित्र्य राखलं पाहिजे. गोरे आणि काळे ह्यांच्यातला शरीरसंबंध दाखवायचा नाही. समलिंगी संबंधांना विकृती म्हटलं होतं आणि त्याची चाहूलसुद्धा लागू द्यायची नाही. केनची ही विम्याची गोष्ट १९३० च्या दशकात ह्याच ऑफिसने अडवून धरली होती. सोडली ती १९४३ मध्ये.

म्हणजे बघा. फिलिस मरणार हे वाइल्डरच्या आधी ब्रीनच्या टेबलावर ठरलेलं. निकाल आधी, खटला मागाहून. मग ह्या बाईच्या मरणात शोकांतिका कसली शोधता? ती सरकारी फाशीसारखी तारीख लावलेली होती.

आणि ही कलमं एकाच कागदावर का बसतात? रंगाबाहेर संबंध नको, लग्नाबाहेर संबंध नको, पुरुषाने पुरुषावर प्रेम करायचं नाही. ह्याचं उत्तर द्यायला मला पॅरिसचा समीक्षक लागत नाही. ९ मे १९१६ ला त्याच न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला होता. त्यांनी मांडलं ते असं: गटाबाहेर लग्न बंद करायचं तर गटातल्या बाई-पुरुषांचा हिशेब जुळवावा लागतो. नवरा मेला की बाई हिशेबात जास्तीची होते. ही जास्तीची बाई गटाला धोका. म्हणून तिला जाळा, नाहीतर विधवा म्हणून कोंडा. तो निबंध भारतातल्या जातीवर आहे, हॉलिवूडवर तो जसाच्या तसा चिकटवायचा नाही, एवढी अक्कल मला आहे. पण ‘जास्तीची बाई’ हे शब्द डोक्यात ठेवून फिलिसकडे बघा. नको असलेला नवरा, नको असलेलं घर, सावत्र मुलगी, हातात पैसा नाही, आणि भूक शाबूत. हिला ठेवायचं कुठे? गोऱ्या घराच्या हिशेबात ही बाई बसत नाही. म्हणून गोळी.

आता पोटाचं बोलू. कारण फिल्म क्लबातले विद्वान बाईच्या पायावर तासभर बोलतात, तिच्या हातांवर बोलत नाहीत.

‘पोस्टमन’मधली कोरा काय करते? रस्त्याकडेच्या हॉटेलात राबते. बशा धुते, गिऱ्हाईक बघते. नवरा म्हातारा, दारूत. कादंबरीत तो ग्रीक आहे, पापाडाकिस. सिनेमात त्याचा स्मिथ केला. तिला ते हॉटेल वाढवायचंय, नीट चालवायचंय, स्वतः कुणीतरी व्हायचंय. आणि एक दिवस नवरा ठरवून मोकळा होतो: हॉटेल विकायचं, कॅनडाला जायचं, तिथे माझी बहीण लुळी पडलीय, तिची शुश्रूषा तू करायची. विचारलं नाही. सांगितलं. तिची इतक्या वर्षांची मेहनत विकली आणि वर जन्मभराची बिनपगारी नोकरी लावली. ह्याला सिनेमात गुन्हा म्हणत नाहीत. ह्याला कलम नाही. गुन्हा पुढे सुरू होतो, जेव्हा बाई नाही म्हणते.

खून वाईटच. पण मला सांगा, हॉटेल चालवायचंय एवढी साधी इच्छा, आणि तिच्यासाठी प्रेतावरून जाण्याखेरीज दुसरी वाटच लेखकाने ठेवलेली नाही. हा कोराचा स्वभाव की केनचा कावा?

आणि हे सिनेमे आले कधी? युद्धात अमेरिकेतल्या कामकऱ्यांमध्ये बायकांचं प्रमाण १९४० ते १९४५ मध्ये सुमारे २७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांपर्यंत गेलं. कॅलिफोर्नियात रिचमंडच्या कारखान्यांत बायकांनी जहाजं बांधली. वेल्डिंग केलं, रिव्हेट मारले. माझ्या हातांना लोखंड ठाऊक आहे, म्हणून सांगतो, ते काम काय असतं. १९४५ ला युद्ध संपलं, पुरुष परत आले आणि बायकांना सांगितलं, घरी जा. नेमक्या ह्या वर्षांत पडद्यावर कमावायची, मिळवायची, बाहेर पडायची इच्छा असलेली बाई येते आणि प्रत्येक वेळी तिच्या पर्समधून पिस्तूल निघतं. एकाही न्वारमध्ये वेल्डिंग करणारी नायिका मला दिसली नाही. ‘मिल्ड्रेड पिअर्स’ कष्टाने हॉटेलांची मालकीण होते, तर पोरगी खुनी निघते आणि धंदा हातचा जातो. शेवटी ती पहिल्या नवऱ्याबरोबर बाहेर पडते, आणि मागे दोन बायका गुडघ्यांवर बसून फरशी घासताहेत. विद्वानांनो, त्या दोघींवर बोला ना कधीतरी!

मिल्ड्रेड स्वतःची गोष्ट स्वतः सांगते, हे मला मान्य. पण कुठे बसून? पोलीस ठाण्यात, तपास अधिकाऱ्यासमोर. आणि शेवटी तोच तिची गोष्ट दुरुस्त करतो. पुरुष बोलला की आठवण. बाई बोलली की जबाब.

आवाज चोरणं म्हणजे काय, हे ह्याहून उघड बघायचं तर १९४६ चा ‘गिल्डा’ बघा. रीटा हेवर्थ. खरं नाव मार्गारिता कार्मेन कान्सिनो, स्पॅनिश नाचणाऱ्या बापाची मुलगी. स्टुडिओला ती फार सावळ्या मुलखातली वाटायची. मग नाव बदललं. काळे केस लाल केले. कपाळावरचे केस विजेच्या सुईने मुळापासून जाळून कपाळ मोठं केलं. काळा सिनेमा, पण केस काळे नकोत! आणि त्या सिनेमात ती हातमोजा काढत जे प्रसिद्ध गाणं म्हणते तो गळाही तिचा नाही, अनिता एलिस नावाच्या गायिकेचा आहे. नाव स्टुडिओचं, केस स्टुडिओचे, गळा दुसरीचा. आणि वर म्हणतात, काय ही बाई, हिने पुरुष बरबाद केले.

गाणं कशाबद्दल आहे? शिकागोची आग असो, सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप असो, खापर एका बाईच्या डोक्यावर फोडा, अशी ती थट्टा आहे. थट्टा बरी, पण १८७१ च्या शिकागोच्या आगीचं खापर खरोखरच एका गरीब आयरिश बाईवर, ओ’लिअरीवर, फोडलं होतं. तिची गाय, तिचा कंदील, तिचा गोठा. शिकागोच्या नगरसभेने तिला दोषमुक्त केलं ते १९९७ साली. सव्वाशे वर्षांनी! माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. १७ जुलै १९४४, कॅलिफोर्नियातलं पोर्ट शिकागो बंदर. जहाजात दारूगोळा चढवताना स्फोट झाला. ३२० माणसं मेली, त्यातली दोनशेवर काळी. कारण माल चढवायचं काम काळ्यांचं. पुन्हा तसंच काम करायला नकार दिला म्हणून ५० जणांना बंडखोर ठरवून शिक्षा. त्यांना निर्दोष ठरवलं २०२४ साली. हे त्याच राज्यात, त्याच उन्हाळ्यात, ज्या उन्हाळ्यात ‘डबल इन्डेम्निटी’ पडद्यावर आला. धोका कुठून येतो म्हणून लोक तिकीट काढून बघत होते? सोनेरी टोपाच्या बाईकडून.

आणि धोका खरोखर कुणाच्या हातात होता? १ जुलै १९४६ ला अमेरिकेने बिकिनी बेटापाशी अणुबॉम्ब टाकला. त्या बॉम्बवर रीटा हेवर्थचं चित्र चिकटवलं होतं आणि नाव लिहिलं होतं, गिल्डा. त्याआधी तिथल्या १६७ माणसांना बेटावरून उठवलं. बॉम्ब बनवणारे पुरुष, टाकणारे पुरुष, हुकूम देणारे पुरुष. नाव बाईचं. पुन्हा हात चौकटीबाहेर, चेहरा चौकटीत.

ह्या चौकटीत आणखी एक माणूस मारला जातो, त्याच्याबद्दल आपल्यातले लोक बोलायला लाजतात. १९४१ च्या ‘द माल्टीज फाल्कन’मधला जोएल कैरो. त्याच्या व्हिजिटिंग कार्डाला अत्तराचा वास, हातात नाजूक काठी, बोलणं मऊ. नियमावलीमुळे तो समलिंगी आहे असं सरळ म्हणता येत नाही, मग वासाने सांगायचं. आणि सांगून झालं की हम्फ्री बोगार्टने त्याच्या थोबाडीत मारायची आणि प्रेक्षकाने हसायचं. फिलिसच्या अत्तराचीही नेफ चौकशी करतो. ज्याला वास येतो तो माणूस संशयित. सरळ मर्दाला वास नसतो, त्याला फक्त सिगरेट असते. गंमत अशी की ‘डबल इन्डेम्निटी’च्या शेवटी सगळ्यात हळवा क्षण दोन पुरुषांमध्ये आहे: मरायला टेकलेल्या नेफची सिगरेट कंपनीतला कीज पेटवून देतो. प्रेम तिथे आहे. बाई तोवर अंधाऱ्या दिवाणखान्यात थंड झालेली, तिच्याकडे परत कुणी बघत नाही.

‘मग बाईने असं काही रचलं असतं तर वेगळं झालं असतं का?’ झालं ना! व्हेरा कॅस्परीच्या १९४३ च्या ‘लॉरा’ कादंबरीत गोष्ट तीन-चार तोंडांनी सांगितलीय आणि एक भाग लॉरा स्वतः सांगते. १९४४ ला सिनेमा झाला तेव्हा लॉराचं सांगणं गायब, सुरुवातीचा आवाज कुणाचा, तर तिला मारायला निघालेल्या पुरुषाचा! डोरोथी ह्यूजने १९४७ साली ‘इन अ लोनली प्लेस’ लिहिली. तिच्यात बायकांचे गळे आवळणारा पुरुष आहे आणि त्याला ओळखतात त्या दोन बायका. १९५० च्या सिनेमात तोच पुरुष खुनाच्या आरोपातून सुटला. आयडा ल्युपिनोने १९५३ साली ‘द हिच-हायकर’ दिग्दर्शित केला. त्यात फाम फाताल नाहीच. बंदूक घेतलेला एक पुरुष आहे आणि त्याच्या पुढ्यात थरथरणारे दोन. लेखणी आणि कॅमेरा बाईच्या हातात गेला की धोक्याचा पत्ता कसा लगेच बदलतो, बघा.

आता फिल्म क्लबातल्यांना एक आणि आपल्या पोरांना एक, असं सांगून संपवतो.

फिल्म क्लबातले म्हणतात, ही सबळ स्त्री, पडद्यावरची पहिली मोकळी बाई, तिचं मरण विसरतो आपण, तिची ताकद लक्षात राहते. मला त्यात तथ्य दिसतं. स्टॅनविक पडद्यावर असली की दुसरीकडे बघवत नाही. पण ताकद दिली कशाची? गुन्ह्याची. तिला खून करू दिला, बोलू दिलं नाही. ज्या बाईला हॉटेल चालवायचा हक्क नाही तिला पिस्तूल चालवायचा मान देणं ह्याला तुम्ही मुक्ती म्हणता, तर म्हणा. आम्हालाही असाच मान मिळतो सिनेमात. दादा, गुंड, टपोरी. ताकद बक्कळ आणि तिसऱ्या अंकात मरण.

आणि आपली पोरं. तुम्ही शिट्ट्या मारता. ‘साली काय डेंजर बाई’ म्हणता. तुमच्या-आमच्या आजोबा-पणजोबांची गोष्ट शतकानुशतकं दुसऱ्यांनी लिहिली, दुसऱ्यांच्या शब्दांत आपण घाणेरडे, चोर, माजलेले. त्या लिहिण्यावर आपण थुंकलो. सांगतोय कोण, हा प्रश्न आपणच ह्या शहराला विचारायला शिकवला. आणि बाईची गोष्ट आली की तोच प्रश्न तुमच्या तोंडून का निघत नाही? नेफ सांगतो ते ब्रह्मवाक्य? आपल्या ह्याच पानांवर बघा. मुंबई रांड, सत्ता रांड, लोकशाही छिनाल, नशीब वेश्या. पुरुषांनी केलेल्या हरामखोरीला शिवी द्यायची तर शब्द बाईचा. बॉम्बवर चित्र चिकटवणाऱ्या शिपायात आणि तुमच्यात फरक काय राहिला? बैठकीत एखादी पोरगी दोनदा आवाज चढवून बोलली की बाहेर चहाच्या टपरीवर तिचं नाव काय पडतं, ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच ठेवता.

म्हणून सांगतो. ‘डबल इन्डेम्निटी’ परत बघा, आणि नेफचं निवेदन सुरू झालं की आवाज बंद करा. नुसते हात बघा. कुणाचे हात काय करताहेत ते मोजा. मग बोलायला या.

आणि संपादक मित्रांनो, पुढच्या अंकात बायकांचं लिखाण शेवटच्या पानावर, उरलेल्या जागेत, आमच्या कवितांखाली कोंबू नका. पहिल्या पानापासून छापा. आमच्या कविता थांबल्या तर थांबू देत. त्या काय करायचंय ते त्यांच्या शब्दांत लिहितील, शिव्या घालायच्या तर आम्हालाच घालतील, आणि आम्ही त्या खाली बसून ऐकू. वर माईक ओढून घ्यायला कुणी उठला तर त्याचा हात मी धरतो.